वाकडी घडी

“ओढ गं, ओढ! चादर आहे ती, साप नाही!” थोरली म्हणाली. धाकटीनं टोक खेचलं. ओल्या वाफेत चादर ताठ झाली, पाखरासारखी फडफडली आणि दोघींच्या मधोमध दुमडली.

इस्पितळाच्या तळघरातल्या त्या धुलाईघरात चादरींच्या घड्या गाण्यावर पडत. कामावर सगळ्यांत जुनी म्हणून थोरली ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या. नियम एकच होता: जिनं गाणं उचललं, तिनंच ते शेवटाला न्यायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. धाकटी, बायकांत वयानं सगळ्यांत लहान, तर इतकी वर्षं झेलकरीणच होती. तिच्या गवंडी बाबांनी घरात कधी गुणगुणूही दिलं नव्हतं. “गाणाऱ्याची भिंत वाकडी,” असं त्यांचं ठाम मत.

आता तेच बाबा धुलाईघराच्या बरोब्बर वरच्या वॉर्डात दाखल होते. कंपवातानं त्यांची पावलं जमिनीला खिळत आणि दार आलं की अगदी गोंद लावल्यासारखी चिकटत. गेल्या आठवड्यात व्यायामवाल्या बाई धापा टाकत खाली आल्या होत्या.

“बायांनो, जेवायची वेळ झाली की तुम्ही गाणं पळवता का?”

थोरलीनं जीभ चावली. “डब्याची ओढ असते हो. का?”

“वर माझे पेशंट पळायला लागतात!”

हशा ओसरल्यावर बाईंनी नीट सांगितलं. मळके कपडे खाली टाकायची पत्र्याची घसरगुंडी वॉर्डाच्या दाराशीच उघडते. तिच्यातून गाणं वर येतं, आणि ते आलं की बाबांचा पाय सुटतो. एरवी दोघांनी धरूनही जो हलत नाही, तो पाय.

म्हणून आजची ही गडबड. आज डॉक्टरांसमोर बाबांनी खाटेपासून दार ओलांडून जिन्यापर्यंत जायचं होतं आणि परत यायचं होतं. एकट्यानं. जमलं तर घरी. नाहीतर गावाबाहेरच्या संस्थेत, कारण धाकटी दिवसभर कामावर आणि घरात दुसरं माणूस नाही.

पत्र्यावर वरून तीन टकटक झाल्या. बाईंची खूण: बाबा खाटेवरून उठले होते.

“हळू हं,” धाकटी म्हणाली.

“मला शिकवतेस?” थोरलीनं पदर खोचला आणि घसरगुंडीच्या तोंडाशी उभी राहून सूर लावला.

*धुतली चादर, ऊन प्याली,*
*घडीत थोडी सावली राहिली…*

सगळ्या जणींनी ओळ झेलली. घडी, पाऊल, घडी, पाऊल. वरून सपातांचा आवाज येऊ लागला. सरक, सरक, सरक. इस्त्रीवाली मावशी आनंदानं टाळ्या पिटू लागली. थोरलीला चेव चढला, लय चढली, आणि ऐन रंगात तिला ठसका लागला. तिचे डोळे पाण्यानं भरले, पण आवाज काही फुटेना.

गाणं तुटलं. कुणी पुढची ओळ उचलली नाही. उचलायची नसते.

वर सपाता थांबल्या.

धाकटीच्या मुठीत चादरीचं टोक चुरगळलं. यंत्रं घरघरत होती, पण तिला ती ऐकू येत नव्हती.

मग पत्र्यातून एक करवादलेला आवाज घरंगळत आला.

“अगं, झोपलात का सगळ्या? म्हणा की! दारात अडकलोय मी!”

थोरली खोकता खोकताच धाकटीकडे पाहत होती. तिनं हनुवटीनं घसरगुंडीकडे खूण केली.

धाकटीनं तोंड उघडलं. पहिला सूर पातेलं पडावं तसा निघाला. दुसरा बरा होता.

*एवढासा उंबरा, केवढे बाबा,*
*टाका की पाऊल, कशाला थांबा…*

ही ओळ कुठून आली, तिलाही कळलं नाही. बायका हसत हसत झेलायला गेल्या, तोच वरूनही कुणीतरी झेलली. मग आणखी कुणी. अख्खा वॉर्ड, घोगरा, बेसूर, खाटांच्या दांड्यांवर ताल धरून. आणि त्या सगळ्याच्या खाली, सरक. सरक. सरक.

धाकटी गात राहिली, हात घड्या घालत राहिले. ओळीवर ओळ सुचत गेली, रडू आणि हसू एकाच नाकातून वाहत गेलं. शेवटी वर टाळ्यांचा कडकडाट झाला.

“जिना आला!” बाई ओरडल्या.

खाली बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. तेवढ्यात पत्र्यातून पुन्हा तोच आवाज आला, पण जरा खालच्या पट्टीत.

“थांबू नकोस गं. परतीची वाट आहे अजून.”

धाकटीनं हातातल्या चादरीकडे पाहिलं. घडी चांगलीच वाकडी झाली होती. असली घडी थोरली नेहमी तोंडावर फेकायची. आज तिनं ती घेतली, ढिगावर सगळ्यांत वर ठेवली, तिच्यावर एकदा हात फिरवला आणि दुसऱ्या चादरीचं टोक धरून धाकटीची ओळ झेलायला उभी राहिली.