बीटच्या शेतातली माझी शेवटची फवारणी

मी एक जुना, पाठीवर घ्यायचा फवारणी पंप आहे. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य साखरेच्या बीटच्या शेतात गेलं.

हे शेत दोन भावांचं. आधी मी थोरल्याच्या पाठीवर होतो. तो मला जपायचा, पण माझ्यातलं जालीम औषध झाकणातून झिरपून त्याच्या अंगावर उतरायचं. पुढे त्याचे हात इतके थरथरू लागले की त्याला कपही धरवेना. तेव्हा त्याच्या बायकोने मला साबणाने घासून धुतलं, नवं झाकण बसवलं आणि विषाऐवजी फक्त अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूंची पावडर आणली.

त्या वर्षी अळ्यांनी पानांची चाळण केली होती. पानंच गेली तर जमिनीतला कंद पोसणार कसा? कडक उन्हात हे जिवाणू टिकत नाहीत, म्हणून ऊन उतरल्यावर तिने स्वतः फवारणी केली.

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर शेतातून तणतणत आला. "वहिनी, अळ्या जिवंत आहेत! औषध आणलंय की पीठ?"

"भाऊजी, नीट बघा. जिवंत आहेत, पण खात नाहीयेत. पावडर पोटात गेली की त्यांचं खाणं सुटतं. जरा दम धरा."

"तुम्हीच धरा दम. पीक माझंही आहे."

ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली आणि इकडे धाकट्याने माझ्यात जुनं विष दुप्पट ओतलं. भर दुपारी, तोंडाला फडकंही न बांधता, तो समोरून येणारा वारा तोंडावर घेत फवारत निघाला. थोड्याच वेळात त्याचे पाय लटपटले. त्याने माझा पट्टा चाचपला, पण तो काही सुटेना. मला पाठीवर घेऊनच तो सरीत कोसळला. त्याचा श्वास थांबला, ते मला त्याच्या पाठीवर कळलं.

लोकांनी त्याला उचलून नेलं. दवाखान्यातून परतलेला थोरला बांधावर मटकन बसला. "माझंच बघून शिकला गं तो," एवढंच म्हणाला. धाकट्याचं विष जिथे पोचलं नव्हतं, त्या सऱ्यांत वहिनी गेली. तिने एक पान उलटलं. अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या. ते पान तिने कुणालाच दाखवलं नाही.

काही दिवसांनी शेजारची मुलं माझ्यात पाणी भरून खेळायला लागली. वहिनी धावत आली. "टाका तो खाली! आधी हात धुवा, साबणाने!" मग तिने पहारीने माझ्या तळाला भोक पाडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, असा पंप किंवा औषधाचा डबा दिसला तर त्याला हात लावू नका. आणि घरातलं कुणी रागाच्या भरात विष कालवताना दिसलं, तर लांबूनच ओरडा, शेजारीपाजारी गोळा करा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.