फिल्टर : मध्यम

चरा केसाएवढाच होता. डीव्हीडीच्या मधल्या भोकापासून निघून पार कडेपर्यंत गेलेला. खिडकीकडे धरली की दिसायचा, खाली घेतली की नाहीसा व्हायचा. त्याची चौतीस वर्षं एक्स-रे खात्यात लोकांच्या हाडांमधल्या असल्याच रेषा शोधण्यात गेली – श्वास रोखा, हलू नका, झालं, सोडा – आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी खोड जात नाही. त्याने बनियनच्या टोकाने डीव्हीडी पुसली आणि कॉम्प्युटरच्या खणात सरकवली. सातांपैकी ही शेवटची. वर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : भाचीचा वाढदिवस, पाचवा.

संध्याकाळी बहीण येणार होती, सगळ्यांची मिळून एक नक्कल पेनड्राइव्हवर न्यायला. डीव्हीड्या फार टिकत नाहीत, आतला थर आपोआप मरत जातो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. फोनवर म्हणाली होती, “दादा, बाबांचं हलतं-बोलतं असं तेवढंच उरलंय.” हलतं-बोलतं! शेवटच्या चार वर्षांतले बाबा, अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा गेलेले, खुर्चीत ठेवले तर ठेवले तसे... पण अकरा वर्षांनी बहीण आपण होऊन फोन करते आहे, तेव्हा जिभेला जरा लगाम घालावा.

हार्ड डिस्क विकणाऱ्या दुकानदाराने कागदावर सगळं लिहून दिलं होतं. दर्जाचा आकडा बावीस – आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, पण फाइल फुगते. चित्रातली मुंग्यांसारखी ठिपक्यांची वळवळ घालवणारा फिल्टर, मध्यम. “डोळ्याला फरक कळणार नाही, साहेब.” डोळ्याला! माझ्या डोळ्याला? – असं त्याच्या ओठांवर आलं होतं. मग दुकानदाराने समजावलं, की फाइल लहान होते ती काही जादूने नाही. जे हलत नाही ते हा प्रोग्राम पुन्हा पुन्हा काढत बसत नाही, मागच्या चित्रातलंच पुढे ढकलतो. भिंत, कपाट, पडदा – एकदा काढलं की झालं. हे त्याला पटलं होतं. न हलणाऱ्यावर कोण जीव टाकत बसतो?

सहा डीव्हीड्या तशाच उरकल्या. सातवीचीही नक्कल झाली, आणि निव्वळ खात्याच्या सवयीने त्याने मूळ चित्र आणि नक्कल शेजारी शेजारी लावली. मेणबत्त्या ठीक होत्या. भाचीच्या फ्रॉकवरचे ठिपके ठीक होते. पोरांचा गलका इतका, की बाकी काही ऐकू येत नव्हतं – फक्त कॅमेऱ्यामागून त्याचा स्वतःचा आवाज, जवळचा, जाडा, कुणा पाहुण्याला सांगत असलेला : “बाबांना काही कळत नाही हो आता.” डाव्या कडेला, अर्धी कापली गेलेली, बाबांची खुर्ची.

मूळ चित्रात बाबांचं मधलं बोट खुर्चीच्या हातावर दोनदा आपटलं.

त्याने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. काही कळत नाही हो आता – आणि टक, टक. आवाज नाही, फक्त बोट. बाबा सुतार. लाकूड घेताना फळीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचे, आतून पोकळ असली की मान हलवायचे : बद्द वाजतंय. घरात कुणी थाप मारली तरी तेच. परीक्षेतला सोपा पेपर अवघड होता असं तो म्हणाला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोनदा ठोकून त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं होतं... बहीण आणि तो त्या ठोक्यांना माराहून जास्त भ्यायचे.

नकलेत हात स्वस्थ होता. खुर्चीच्या लाकडासारखाच.

त्याने आकडा अठरावर आणला, मग बारावर. फाइल फुगली, हात हलेना. फिल्टर बंद केला तेव्हा हलला – त्या बारीक हालचालीला फिल्टर कचरा समजत होता. म्हणजे चूक फिल्टरची. तो बराच वेळ या निष्कर्षावर समाधानाने बसून राहिला. त्या वाढदिवसानंतर दोनच महिन्यांत त्याने बाबांना वृद्धाश्रमात ठेवलं होतं, आणि बहीण दारात उभी राहून म्हणाली होती, “त्यांना सगळं कळतं, दादा,” आणि तो म्हणाला होता, “रोज मी बघतो, तू महिन्यातून एकदा उगवतेस.” पाच महिन्यांत बाबा गेले. दिवसभर हलू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाला, हललेलं दिसलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला त्याने फिल्टरची यादी पुन्हा उघडली : बंद, हलका, मध्यम, कडक. बाकीच्या सहा मध्यमवर आहेत, सगळं एकसारखं असावं, असं स्वतःला सांगत त्याने मध्यमवर टिचकी मारली. हे सांगणं त्याचं त्यालाही बद्द वाजलं.

बहीण आली. पाणी प्यायली. केस पिकले होते तिचे, आणि याने ते आत्ताच पाहिले. खुर्ची ओढून ती शेजारी बसली आणि म्हणाली, “शेवटचीच लाव.” तिने पदर तोंडाशी धरून सगळं पाहिलं, मेणबत्त्या विझेपर्यंत. त्याचा आवाज आला, गेला. खुर्चीतला हात स्वस्थच होता.

“किती शांत बसलेत रे,” ती हळूच म्हणाली. “कुठं लक्षच नाही. तू म्हणत होतास तेच खरं असेल, दादा. मी उगाच इतकी वर्षं...”

अकरा वर्षं त्याला हेच वाक्य हवं होतं. ते कसं लागेल, हे त्याने शंभर वेळा चाखून पाहिलं होतं.

“या मूळच्या आता टाकून द्यायच्या ना?” सहा डीव्हीड्यांची चवड उचलत तिने विचारलं. “आणि सातवी कुठंय?”

सातवी खणात होती. मध्येच घरघरून थांबत होती. त्याचं मधलं बोट टेबलाच्या कडेवर आलं होतं. त्याने दुसऱ्या हाताने ते घट्ट धरलं, श्वास रोखला, आणि काही केल्या तो सोडता येईना.