अर्जावरचा पत्ता

"काका, पुन्हा एकदा वाचा ना," वायरबाई फोनवर सातव्यांदा म्हणाली, आणि आपल्याच आवाजातली अजिजी ऐकून तिला स्वतःची चीड आली.

तारा-जोडण्यांचं काम तिचं, म्हणून रुग्णालयात तिचं नाव वायरबाई पडलं होतं. रुग्णांची नोंदणी चालायची शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर. आज बावीस स्क्रीन नव्या लॅनवर, म्हणजे रुग्णालयातल्या संगणकांच्या जाळ्यावर, घ्यायच्या होत्या. इथल्या राउटरचा बारा अक्षरांचा पत्ता तिकडच्या तक्त्यात भरला की जोडणी सुरू, एवढी साधी गोष्ट. पण सकाळपासून सगळं ठप्प होतं आणि रुग्णांची रांग जिन्यापर्यंत गेली होती.

तिकडचे काका तीस वर्षं मुरलेले. "अगं, इथं सगळं बरोबर आहे. तुझ्याच बाजूला बघ."

तिनं बघितलं. केबल बदलली, टेबलांखाली रांगून गुडघे काळे केले. साहेब दर दहा मिनिटांनी डोकावत होते.

"बाई, दोन शेरे आधीच आहेत तुमच्यावर. तिसरा पडला की बदली. माझ्या हातात काही नाही राहणार."

बदली म्हणजे परगाव. आणि घरी बाबा अंथरुणाला खिळलेले. दुपारी धावत जाऊन त्यांना ती भरवून यायची. आधीचे दोन शेरेही दुसऱ्यांच्याच चुकांचे होते.

"...चार, सी, सात, शून्य," काका वाचत होते. सगळं बरोबर. आणि मागे कागदाची सळसळ.

"काका, कशावरून वाचताय तुम्ही?"

"तुझ्याच अर्जावरून. आणखी कशावरून वाचणार?"

तीन तास! तीन तास हा गृहस्थ तिचाच अर्ज तिला वाचून दाखवत होता.

"स्क्रीनवरून वाचा हो! तक्त्यात काय भरलंय ते!" ती अशी ओरडली की सगळी रांग गप्प झाली.

पलीकडे कीबोर्डची टकटक. "बघ आता."

बावीसच्या बावीस स्क्रीन उजळल्या.

"काय चुकलं होतं?"

"काही नाही गं. येतं कधीकधी आपोआप."

तासाभरात काकांचा अहवाल सहीसाठी आला. कारण: रुग्णालयाकडील दोष. तिनं तणतणत फोन लावला.

"पुढच्या महिन्यात रिटायर होतोय मी," काका हळूच म्हणाले. "तीस वर्षांत एक डाग नाही. तुझी अजून खूप वर्षं आहेत."

"डाग नाही, कारण ते सगळे आमच्या अंगावर टाकलेत तुम्ही!"

तिनं ते कारण खोडून खरं काय ते लिहिलं. साहेबांनी कागद वाचला, काकांच्या मूळ अहवालाची दुसरी प्रत काढली आणि तिच्यावर स्वतःच सही केली. "रांग हलली ना? मग झालं."

काकांचा निरोपसमारंभ झाला त्याच आठवड्यात तिच्या बदलीचा कागद आला.

रविवारी तिनं शेजारच्या मावशींना बाबांच्या उशाशी बसवलं. "डाव्या बाजूनं भरवायचं. गिळेपर्यंत थांबायचं, घाई नाही करायची. मी दाखवते आधी." तिनं चमचा पुढे केला. बाबांनी तोंड मिटूनच ठेवलं. थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, मग मान मावशींकडे वळवली आणि तोंड उघडलं.