फ्लेक्सखाली दडवलेला फळा

आधी माझ्या उजव्या कोपऱ्यातला हा लालभडक डाग बघा, मित्रांनो. पानाची पिचकारी आहे ती. सुवर्ण महोत्सवाच्या दिवशी एका पाहुण्याने मारली आणि आमच्या चिटणिसाने हसत हसत त्याच पाहुण्याला फेटा बांधला. शी! आठवलं तरी अंगावर शहारे येतात. असो. आता माझी ओळख सांगतो. घाटकोपरच्या डोंगरावर, पाण्याच्या टाकीखाली सडेवाडी ग्रामस्थ मंडळाची एक खोली आहे. त्या खोलीबाहेरच्या भिंतीवर टांगलेला मी जुना काळा फळा. वय पन्नासच्या पुढे. पाठीला वाळवी लागलीय, पण नजर शाबूत आहे.

माझा जन्म गिरणीच्या सुतारखात्यात झाला. परदेशातून यंत्रं यायची, त्यांच्या खोक्यांच्या फळ्या एका कोपऱ्यात पडून असायच्या. भाऊराव नावाचे सुतार होते, कोकणातल्या सडेवाडीचे. साहेबाला विचारून त्यांनी चार फळ्या घेतल्या, रंधा मारला, सांधे जुळवले, काळा रंग दिला आणि मला खांद्यावर घेऊन इथे आणलं. गावची माणसं पोटापाण्यासाठी मुंबईत आली होती. अडीनडीला एकमेकांना धरून राहावं म्हणून त्यांनी मंडळ काढलं होतं. प्रत्येक सभासदाची वर्षाची वर्गणी असे, आणि वर्गणीतला तिसरा हिस्सा बाजूला निघे. त्याचं नाव अडचण निधी. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झालं, तर त्यातून मदत. भाऊरावांनी माझ्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने एक ओळ लिहिली, ती अजून आहे: 'अडचण निधीला दुसऱ्या कामासाठी हात लावू नये.'

आमच्या मंडळात एक रिवाज होता. तुम्ही दुसरीकडे कुठे ऐकला नसेल. वार्षिक सभेच्या आधी तीन दिवस खजिनदार वर्षाचा सगळा खर्च माझ्यावर खडूने लिहायचा. खाली दोरीला एक खडू बांधलेला असायचा. येता-जाता सभासद वाचायचे, आणि ज्याला जो खर्च पटला नाही त्याच्यापुढे तो फुली मारायचा. नाव लिहायचं नाही, भांडायचं नाही, नुसती फुली. सभेत खजिनदाराने एकेका फुलीचं उत्तर द्यायचं. समाधान झालं की ज्याने फुली मारली त्यानेच उठून ती पुसायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

काय दिवस होते ते! एकदा बिस्किटांच्या खर्चापुढे फुली पडली. सभेला माणसं अठरा आणि बिस्किटांचे पुडे चोवीस कसे? भाऊराव तेव्हा खजिनदार होते. ते उभे राहिले, कान धरला आणि म्हणाले की, सहा पुडे मीच घरी नेले, पोरांनी खाल्ले. पैसे तिथेच भरले. सगळे पोट धरून हसले आणि पुढची तीस वर्षं त्यांना 'बिस्किट भाऊ' म्हणत राहिले. पण मंडळाच्या पैशावर त्यानंतर कुणी संशय घेतला नाही. पुढे गिरण्या बंद पडल्या तेव्हा वर्गणीचा प्रश्न आला. ज्यांची नोकरी गेली त्यांना निम्मी, ज्यांची टिकली त्यांना दुप्पट, असं ठरलं. सात फुल्या पडल्या त्या वर्षी. भाऊरावांनी प्रत्येक घराची परिस्थिती नाव न घेता समजावून सांगितली, दोन तास लागले, आणि सातही फुल्या पुसल्या गेल्या. दुप्पट भरणारेही कुरकुरले नाहीत. माणसाला खिशातून जास्त काढावं लागतं याचा राग येत नसतो, मित्रांनो. कशासाठी ते कुणी सांगत नाही, याचा येतो.

भाऊराव गेले. त्यांची पोरं डोंबिवलीला, नातवंडं आणखी लांब. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाकाकू मात्र इथेच राहिल्या, माझ्यापासून चार दारं सोडून. दर शनिवारी ओल्या फडक्याने मला पुसायच्या.

मग नितेश चिटणीस झाला. पोरगा हुशार, बोलायला गोड, पांढरा शर्ट कायम कडक इस्त्रीचा. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याने सुवर्ण महोत्सव काढला. मुलुंडला हॉल घेतला. वरून शूटिंग करायला ड्रोन आणला. हॉलच्या आत, मित्रांनो! छताखाली! पाहुण्यांना फेटे, शाली, मानधनाची पाकिटं. 'गावभूषण' पुरस्कार दिला तो स्वतःच्या मेव्हण्याला, जो सडेवाडीला आयुष्यात दोनदा गेला असेल. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, त्यात काय मोठंसं? मलाही टेम्पोत घालून नेलं होतं. मला वाटलं, पन्नास वर्षांचा साक्षीदार म्हणून मांडतील. कसलं काय! मला आडवं टाकलं आणि पाहुण्यांना स्टेजवर चढायला पायरी केली. बुटांचा चिखल, सांडलेला रस्सा आणि वर ती पिचकारी. भाऊरावांच्या ओळीवर पाय देऊन माणसं पुरस्कार घ्यायला जात होती. किळस आली मला. चिखलाची नाही, माणसांची.

त्याच दिवसांत नंदा मंडळात हेलपाटे घालत होती. नंदा पवईतल्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तिचा नवरा मिथुन रिक्षा चालवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. दोघांनी सतरा वर्षं वर्गणी भरली, एकदाही चुकवली नाही. नंदाने अडचण निधीतून मदतीसाठी अर्ज दिला. नितेशने सांगितलं की निधीत शिल्लक नाही, पुढच्या वर्षी बघू. ती माझ्यासमोर बाकड्यावर बसली आणि डबा न उघडताच निघून गेली. डायलिसिस काय पुढच्या वर्षापर्यंत थांबतं?

वार्षिक सभा जवळ आली. खजिनदार चंद्रप्रकाश हे भित्रे, पण सरळ गृहस्थ. जुन्या सवयीने त्यांनी खडू घेतला आणि सगळं खरंखरं लिहून काढलं. त्यात एक ओळ होती: 'अडचण निधीतून उचल, ड्रोन, फेटे व मानधन: एक लाख साठ हजार.' नितेश आला, वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने हळूच सांगितलं की काका, हे पुसा, मी छापूनच आणतो. चंद्रप्रकाशांनी फडकं उचललं. माझ्यासमोर उभे राहिले. हात वर गेला, माथ्यावरच्या ओळीपाशी थांबला आणि खाली आला. फडकं त्यांनी खिशात कोंबलं. नितेश भला मोठा चकचकीत फ्लेक्स घेऊन आला तेव्हा ते म्हणाले, पुसलं. आणि नितेशने बघितलंसुद्धा नाही! मोबाइल कानाला, एका हाताने त्याने फ्लेक्स माझ्या तोंडावर धरला आणि सोबतच्या पोराला सांगून चारही कोपऱ्यांना खिळे ठोकवले. पन्नास वर्षांत मला पहिल्यांदा खिळा लागला.

फ्लेक्सवर वर नितेशचा हात जोडलेला फोटो आणि खाली हिशोब: 'सुवर्ण महोत्सव व इतर: तीन लाख चाळीस हजार.' इतर! मित्रांनो, मराठीत एवढा घाणेरडा शब्द दुसरा नाही. त्या तीन अक्षरांत माणसं काय काय कोंबतात! त्याच्याखाली नवा ठराव: वर्गणी सहाशेवरून दोन हजार, आणि महिनाअखेर जो भरणार नाही त्याला ना मत, ना मदत. कशासाठी वाढ, ते कुठेच नाही. नंदाला ती भरता येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे तिचा अर्ज आपोआपच निकालात.

तीन दिवस माणसं आली, बघितलं, गेली. फुली एकही पडली नाही. पडणार कशी? दोरीचा खडू होता, पण फ्लेक्सवर खडू उमटत नाही.

रविवारी सकाळी सभा भरली. अंगणात सतरंज्या, कांदेपोह्यांच्या बशा, पन्नास-साठ माणसं. नितेशने माइक हातात घेतला आणि विचारलं, की हिशोबावर कुणाची हरकत नाही ना, मग मंजूर करू या. तेवढ्यात नंदा उठली. कँटीनचा एप्रन पिशवीत, पायात चपला. ती माझ्यापाशी आली, दोरीचा खडू घेतला आणि 'इतर'पुढे फुली मारायला लागली. खडू घसरला. पुन्हा दाबला तर तुटला. माझा जीव नुसता तडफडत होता खाली.

"यावर फुली उमटत नाही," ती म्हणाली.

नितेश हसला. "वहिनी, जमाना बदलला ना आता. ग्रुपवर पीडीएफ टाकलीय, वाचा की."

"ग्रुपवर फक्त तूच लिहू शकतोस, नितेश. मी सतरा वर्षं वर्गणी भरली ती फुली मारायच्या हक्कासकट. माझ्या नवऱ्याचे पैसे 'इतर'मध्ये गेले का, एवढंच सांग."

कुणी पोह्यांत लिंबू पिळायला लागलं, कुणी आकाशाकडे बघायला. बघा, ही माणसं! पाठीमागे तीन दिवस कुजबुजत होती आणि आता तोंडात मिठाची गुळणी.

तेव्हा रत्नप्रभाकाकू उठल्या. वय ब्याऐंशी. काठी टेकत माझ्यापाशी आल्या. फ्लेक्सवरून हात फिरवला, कोपऱ्यातला खिळा चाचपला.

"नितेश, माझ्या घोवान ह्यो फळो केल्यान," त्या म्हणाल्या. "खिळे मारूच्या आधी माका इचारलंस?"

आणि हातातल्या पोह्यांच्या चमच्याचं टोक त्यांनी खिळ्याखाली घातलं. एक खिळा निघाला. दुसरा वाकला. मग नंदाने फ्लेक्सची कड धरली आणि चर्रकन खाली ओढली. उजेड डोळ्यांत गेला माझ्या! अक्षरं थोडी फिसकटली होती, पण चंद्रप्रकाशांची ती ओळ ठळक होती, अगदी शेवटच्या रांगेतून वाचता येईल इतकी. सभेत एकदम गलका झाला. नितेश चंद्रप्रकाशांकडे वळला. "काका, तुम्ही पुसलं म्हणालात!"

चंद्रप्रकाश उभे राहिले. "खोटं बोललो मी. लिहिलेलं खरं आहे, म्हणून पुसायला हात धजला नाही. पैसे काढायला सही माझीच होती, तेही खरं आहे."

नंदाने तुटलेल्या खडूचा तुकडा उचलला आणि त्या ओळीपुढे फुली मारली. मोठी, आडवीतिडवी, शाळेतल्या पोरीसारखी दाबून. मग रत्नप्रभाकाकूंनी तिच्याशेजारी दुसरी मारली. मग मागून एक बाई उठली, मग तिचा नवरा, मग मघाशी लिंबू पिळणारा. बघता बघता माझ्या अंगावर एकेचाळीस फुल्या झाल्या. पन्नास वर्षांत कधी एवढ्या नव्हत्या पडल्या. वर्गणीवाढीचा ठराव त्या दिवशी तिथेच बारगळला. नितेशने घाम पुसत कबूल केलं की समितीच्या पाच जणांनी मिळून निधी भरून द्यायचा. चंद्रप्रकाशांनी आपला हिस्सा त्याच आठवड्यात भरला आणि त्यातून नंदाला पहिली मदत मिळाली. बाकीचे चौघे अजून 'देतो, देतो' म्हणतायत.

तेव्हा म्हणू नका की शेवट गोड झाला. ते चौघे माझ्यासमोरून मान वळवून जातात. नंदा आणि काकू सोडून बाकी एकोणचाळीस जणांनी कंटाळून आपापल्या फुल्या पुसल्या. म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, गावचीच माणसं आहेत. एवढ्या लवकर कंटाळणाऱ्यांची मला नितेशपेक्षाही जास्त चीड येते.

परवा नितेश आला. मला नवा रंग देतो म्हणाला, पिचकारीचा डाग घालवतो, कडेला लाइटिंग लावतो. नंदा कामाला निघाली होती, तिला अगदी गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, तेवढी फुली पुसून टाका ना. रंग द्यायचाय."

"उत्तर मिळालं की पुसते," नंदा म्हणाली आणि पिशवी सावरत उतार उतरून गेली.

मित्रांनो, मला रंग नको, लाइटिंग नको. डागसुद्धा राहू द्या. तुम्ही उद्या कुठल्याही मंडळाचे, सोसायटीचे सभासद व्हाल, तेव्हा भिंतीवरचा हिशोब शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि पटला नाही तर पोह्यांची बशी खाली ठेवून उठा. माझी काळजी घेणं एवढ्यातच आलं. दोरीला नवा खडू बांधायला मात्र विसरू नका. जुना नंदाने झिजवलाय.