बारा इंचांत एक फेरा

मी एका जुन्या रायफलीची नळी आहे, मित्रांनो. म्हणजे, होते. आता मी तीन तुकडे आहे. उम्म अल कुवैनच्या बाहेर वाळूत एक नेमबाजी क्लब आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात आम्ही पडलो आहोत. सगळी हकीकत एका तुकड्याला ठाऊक नाही, म्हणून तिघे मिळून सांगतो. ऐकताना नाक धरावंसं वाटलं तर धरा. आम्हाला धरता येत नाही.

मागचा तुकडा

गोळी माझ्यात ठेवतात. त्यामुळे माणसांची बोटं मला फार जवळून कळतात.

दूरच्या थंड देशात पोलादाच्या कांबीला आरपार भोक पाडलं आणि आतून पिळाचे चर कोरले. असा आमचा जन्म झाला. इथे आलो तेव्हा सहाशे मीटरवरचा निशाणाचा कागद आम्हाला अंगणासारखा होता. ‘काय नळी आहे!’ असं लोक म्हणायचे. मग नव्या रायफली आल्या आणि आम्हाला कपाटात उभं करून ठेवलं. समुद्राची दमट हवा, वाळूची भुकटी, आत गंजाचे ठिपके. आम्हाला आमचीच किळस यायची.

आम्हाला बाहेर काढलं ते याकूबने. तो मूळचा रत्नागिरीकडचा, क्लबच्या रायफली सांभाळणारा. त्याच्या मुलीला, मुनिबाला, क्लबच्या संघात जायचं होतं आणि तिच्या वाट्याला आम्ही आलो. तिची बोटं कोरडी आणि स्वच्छ असत. एकशे पंचावन्न ग्रेनची हलकी गोळी ती अलगद ठेवायची. ग्रेन हे गोळी तोलायचं बारीक माप. ते दिवस सुखाचे होते.

मग कुणालशेठ आले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात त्यांचा मसाल्यांचा कारखाना. क्लबचे टी-शर्ट त्यांचे, पाण्याच्या बाटल्यांवर नाव त्यांचं. शावर्म्याची लसणाची चटणी लागलेल्या बोटांनी त्यांनी माझ्यात गोळी कोंबली. चटणी, मित्रांनो! माझ्यात!

“दोनशे तीस ग्रेन, याकूबभाई! वारा हिला हलवूच शकत नाही. आपण छोटं काही घेतच नाही. बेटीसाठी दोन पेट्या ठेवा.”

“शुक्रिया, शेठ. नशीब तिचं.”

“अब्बा, आपली लाइट वाली ओके आहे ना?” मुनिबा म्हणाली.

“शेठ देतायत. घे.”

वाऱ्याचं शेठ खरं तेच सांगत होते. जड गोळी वाऱ्याला कमी जुमानते. पण अर्धं खरं फार चिकट असतं. ते माझ्या अंगावर अजून आहे.

मधला तुकडा

मला डोळे नाहीत. मला फक्त पीळ माहीत आहे.

माझे चर बारा इंचांत एक फेरा घेतात. गोळीही तेवढीच गिरकी घेऊन निघते. आखूड, हलक्या गोळीला ती पुरते. जड गोळी लांब असते आणि लांब गोळीला तोल राखायला अधिक वेगाची गिरकी लागते. तिला आठ-नऊ इंचांत फेरा घेणारी नळी हवी. भोवरा फिरवला असेल तुम्ही. गिरकी कमी पडली की तो डुलतो आणि आडवा होतो.

शेठची गोळी माझ्यातून डुलत गेली. शी.

“अब्बा, होल्स बघा. राउंड नाहीत. गोळी झोपून गेलीये.” मग मुनिबाने साफसफाईच्या दांड्याला घट्ट चिंधी लावली, दांड्यावर शाईची खूण केली आणि तो सावकाश माझ्यात ढकलला. खूण फिरत फिरत पुन्हा वर येईपर्यंत दांडा किती आत गेला, ते मोजलं.

“ट्वेल्व्ह. ही बुलेट या बॅरलची नाहीच.”

याकूबने स्वतः पुन्हा मोजलं. बाराच आले.

“कळलं ना? खलास. शेठसमोर बोलायचं नाही.”

एवढंच. पुढचं मला ठाऊक नाही.

पुढचा तुकडा

मी नळीचं तोंड. मला सगळं दिसतं, ही माझी शिक्षा.

निवडीचा दिवस होता. संघात एकच जागा उरली होती आणि नावं त्याच संध्याकाळी जायची होती. प्रशिक्षक जगन्नाथ सर म्हणाले, “शुभारंभ शेठच्या हस्ते!” नारळ फोडावा तसा इथे पहिला बार पाहुण्याने उडवायचा. शेठ आम्हाला आणि आपल्या जड गोळ्या घेऊन नेम धरायला पालथे पडले. अत्तर आणि घाम यांचा एकत्र वास कसा येतो, ते विचारू नका. पहिली गोळी वाळूत गेली. दुसरी कुठे गेली देव जाणे. तिसरीने कागदाचा कोपरा आडवा फाडला. निशाणाजवळच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं.

“नळी खलास झालीये, याकूबभाई!” शेठ गुडघे झाडत उठले. “असलं भंगार पोरीच्या हातात देता?”

आणि याकूब, स्वतः बारा इंच मोजलेला याकूब, हात बांधून म्हणाला, “हो शेठ. जुनी झाली नळी.”

मला पोट असतं तर मी ओकलो असतो.

जगन्नाथ सरांनी टोपी काढली. “नळी खराब असेल तर चाचणी कशी घेऊ? सॉरी मुनिबा. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला.”

“नो सर.” मुनिबा पुढे आली. “बॅरल चांगली आहे. बुलेट चुकीची आहे. अब्बांना माहीत आहे.”

याकूब आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

“यल्ला, दाखव मग,” सर म्हणाले.

तिने हलक्या गोळ्या घेतल्या. पाच बार. पाचही भोकं गोल आणि चहाच्या बशीत मावतील इतकी जवळ. तिचं नाव संघात गेलं. सगळ्यांच्या आधी टाळ्या शेठनी वाजवल्या.

“तेज आहे पोरगी! सर, हिला नवी नळी माझ्याकडून. आठ इंचांची. माझ्या गोळ्या वाया जायला नकोत.”

पाहिलंत, मित्रांनो? दोन पेट्या परत घेण्यापेक्षा त्यांना नळी बदलणं सोपं वाटलं.

काढलेली नळी कापूनच टाकायची, असा क्लबचा नियम आहे. याकूबने आम्हाला पकडीत आवळलं आणि करवत उचलली.

“व्हाय डिड यू लाय, अब्बा? ही चांगली होती.”

“नळीला वाईट वाटत नाही, बेटा. शेठला वाटतं.”

“मला वाटलं ना.”

याकूबची करवत थांबली. मग तो म्हणाला, “इकडून धर. खाली पडेल.”

तिने धरलं. अब्बांनी सांगितलं म्हणून धरलं. करवत चालली तशी ती रडत होती. तीच कोरडी, स्वच्छ बोटं. निदान त्या बोटांची मला किळस येणार नाही, असं मला वाटलं होतं.

आली.

मित्रांनो, वस्तू पुसा, तेल द्या, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझी विनंती वेगळी आहे. आमच्यात काही कोंबण्याआधी आमचा पीळ मोजा. आणि मोजलात, तर आकडा मोठ्याने सांगा, समोर कुणीही शेठ उभा असो. ते जमलं नाही, तर निदान नंतर आमच्यावर रडू नका. खाऱ्या पाण्याने पोलाद गंजतं.