मुक्या संकासुराचे दोन शब्द

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. संकासुराचा. तुमच्यापैकी ज्यांचे गाव कोकणात आहे, त्यांनी शिमग्यात मला पाहून आईचा पदर घट्ट धरला असेल. आता मात्र मीच तोंड लपवून बसलो आहे, डोंबिवलीत मानपाड्याच्या एका खोलीत, कपाटावर, उशीच्या अभ्र्यात.

गावच्या दगडू शिंप्याने मला जाड काळ्या कापडातून शिवले. तागाची पांढरी दाढी लावली आणि तोंडाच्या जागी लाल पट्टी शिवून टाकली. आमच्या वाडीचा नियमच तसा. मला घातलेला माणूस बोलत नाही. नाचतो, पोरांच्या मागे धावतो, पण तोंडातून शब्द काढत नाही. गुणाजींनी हा नियम सव्वीस वर्षे पाळला. ते इथल्या कारखान्यात फिटर होते आणि गावकऱ्यांच्या मंडळाच्या नमन-खेळात संकासुर. एकदा नाचताना पायात खिळा घुसला, तरी त्यांनी हूं की चूं केले नाही. लोकांनी तेव्हा केलेले कौतुक आठवले की मला आणखीच लाज वाटते.

त्यांची नात रुचिता नाट्यशास्त्र शिकते. देशोदेशीचे मुखवटे एकत्र नाचवायचे, असा तिचा पहिला प्रयोग तिने ठाण्याला नौपाड्यात ठरवला आणि आजोबांना गळ घातली.

"मला बोलायला लावू नको, म्हंजे झालं," एवढेच गुणाजी म्हणाले. ती हो म्हणाली. मग नारळ ठेवून, गाऱ्हाणे घालून त्यांनी मला बाहेर काढले.

प्रयोग छान रंगला. शेजारी जावा बेटावरची एक नर्तकी होती. तिचा लाकडी मुखवटा आतल्या चामड्याच्या पट्टीने तिने दातांत धरला होता. म्हणजे तिलाही बोलता येत नव्हते. मुक्याला मुका भेटला, आमचे चांगले जमले. टाळ्या थांबेनात आणि मी अगदी फुशारून गेलो.

तेवढ्यात निवेदिका सोनल माइक घेऊन आली. नर्तकीने नुसती मान लववली. माइक आमच्याकडे वळला.

"काका, कसं वाटतंय?"

गुणाजी गप्प. तिने पुन्हा विचारले. लोक हसू लागले. पडद्याआडून रुचिता कुजबुजली, "आजोबा, बोला ना काहीतरी. दोनच शब्द. सगळे बघतायत."

नातीचा पहिलाच प्रयोग होता. गुणाजींचा श्वास माझ्या आत गरम झाला. मग ते म्हणाले, "थँक यू."

सभागृह दणाणले. खरे सांगतो, मला त्या टाळ्या आवडल्या. मला डोक्यामागे बांधायची नाडी नाचून सैल झालीच होती. माइक वळला तेव्हाच मी जरा अंग सोडले असते, तर घसरून पडलो असतो आणि त्या गोंधळात गुणाजी सुटले असते. पण मी दिव्यांकडे बघत चिकटून राहिलो.

घरी आल्यावर रुचिता रडली. "आजोबा, चुकलं माझं. मी हो म्हटलेलं तुम्हाला."

"तुझं काय नाय, बाय. तोंड माझं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी मला अभ्र्यात घातले. यंदा शिमग्याला ते गावी गेले नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांच्या सैल नाड्या बदला. पण कुणाचे गप्प राहणेही सांभाळा. ते एकदा उसवले की दगडू शिंप्यालाही शिवता येत नाही.

न बोलण्याचा नियम माझाही होता. तो आज मी तुमच्यासमोर मोडला. गुणाजींनी एकट्यानेच का लाजावे?