वाकडी करंगळी

सासऱ्यांच्या जुन्या मोटारीचा रंग खरवडून झाला आणि नवऱ्याने घरात फर्मान काढलं, की उघड्या पत्र्याला कुणी नुसता हात लावायचा नाही, हाताच्या घामानेही तो गंजतो. बायकोला तर तो गॅरेजच्या उंबऱ्यावरच हातमोजे देई.

"लग्नात माझा हात धरताना तरी एवढी काळजी घेतली होती का?" ती विचारी.

रंगारी अस्तर मारायला येणार त्याच सकाळी मोटारीच्या दारावर गंजाचा तांबूस पंजा उमटलेला दिसला. अस्तराखाली गंज राहिला तर नवा रंग फुगून येणार. नवऱ्याचा चेहरा उतरला, आणि त्याने थेट बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी इथे चहासुद्धा मोजे घालून आणते."

सासूबाई चष्मा लावून वाकल्या. "करंगळी वाकडी आहे रे. अशी या घरात दोघांचीच. त्यातले एक आता नाहीत."

नवऱ्याने हात हळूच पाठीमागे नेला. गॅरेज बंद करताना तो मोटारीच्या दारावरून हात फिरवायचा, अगदी सासरे फिरवायचे तसा, हे तिला आता आठवलं. हसू ओठांत दाबून तिने सँडपेपर पुढे केला, वर हातमोजे ठेवले.

"घाला. रंगाऱ्याला मी काही सांगत नाही."

तो घासू लागला. करंगळीपाशी मात्र रेंगाळला.

"घास रे," सासूबाई म्हणाल्या. "ती तुझ्या हाताला आहेच की."